झोपाळ्याखालचा खड्डा: विश्रामबागेतल्या फुकटच्या बागेचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात दोन्ही झोपाळ्यांखाली पुन्हा तळं साचलं, म्हणून हे लिहायला घेतलं. सांगलीतल्या कुठल्याही कॉलनीच्या बागेत असतं तेवढं सगळं इथे आहे, सावलीही चांगली आहे. पण खड्ड्याचं काही खरं नाही.

झोपाळा थांबवायला मुलं पाय घासतात. वाळू पुढेमागे उडते आणि पाटाच्या बरोबर खाली लांबट खड्डा पडतो. कडेला ९ इंच वाळू असेल तर मध्ये जेमतेम दीड इंच उरते, खाली कडक मुरूम. हात सुटलेलं लहान मूल नेमकं तिथेच आपटतं. ४ फुटांवरून पडलं तरी डोकं वाचावं यासाठी वाळूचा थर ९ इंच लागतो. काडी खोचून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मे महिन्यात हा खड्डा काळ्या मातीने बुजवला गेला. ज्याने कुणी हे ठरवलं त्याने कृष्णाकाठची काळी माती कधी पाहिलीच नसावी. वाळली की विटेसारखी घट्ट, भिजली की चप्पल ओढून घेणारा चिखल. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळूही नको. तिचे दाणे टोकदार असतात, त्यात भुकटी असते आणि पाणी पडलं की ती दबून फरशीसारखी बसते. गोल दाण्याची, धुतलेली जाड वाळूच हवी. हिशेब अगदी साधा आहे: ४ बाय २ फुटांचा खड्डा ६ इंच भरायला ४ घनफूट, म्हणजे आठ-दहा घमेली. दोन्ही झोपाळ्यांना मिळून ८ घनफूट. एक ब्रास १०० घनफुटांचा, त्याचा दहावा हिस्साही लागत नाही! एवढ्यासाठी आठ महिने थांबायचं?

तोवर दाताळ्याने कडेची वाळू आठवड्यातून एकदा मध्ये ओढायची. मध्ये थोडा उंचवटाच ठेवायचा, कारण दोन दिवसांत तो बसतो. पावसाने वाळू घट्ट झाली असेल तर वाळल्यावर फावड्याने एकदा खालीवर करायची. दाताळं घेतलंच आहे तर झोपाळ्याची एस-कडीही (साखळी अडकवायची S आकाराची कडी) बघून घ्या. तिच्या तोंडात एटीएम कार्ड सहज शिरलं तर कडी उघडत चालली आहे, त्या झोपाळ्यावर मूल बसवू नका.

घसरगुंडीबद्दल माझं मत बदललं. डिसेंबरात फायबरचीच चांगली वाटत होती. उन्हाळ्यात तिचा वरचा चकचकीत थर गेला आणि काचेचे धागे वर आले. हाफपँट घातलेल्या मुलांच्या मांड्यांना ते टोचतात. चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा, निघतात. आता लोखंडीच बरी, फक्त तिचं तोंड पश्चिमेला आहे. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत, नाहीतर सूर्य बुडाल्यावर. आधी हाताची मागची बाजू ५ सेकंद टेकवा, टेकवत नसेल तर मूलही बसवू नका. आणि कृपा करून दोन-तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन घसरू नका. त्याचा बूट कडेला अडकतो, तुमच्या वजनाने दोघंही पुढे जाता आणि पिळा बसून त्याच्या नडगीचं हाड मोडतं. एकटं घसरताना पाय अडकला तर ते तिथेच थांबतं.

सीसॉ, गोल चक्कर ठीक. अर्धे पुरलेले टायर मात्र पावसाळ्यात बघत जा. आत साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. टायरला खालून भोकं पाडली की पाणी थांबत नाही. कुंपणालगतच्या गाजरगवताकडे मुलांना फिरकू देऊ नका, अंगाला खाज सुटते.

सध्या झोपाळा वापरायचाच तर डावीकडचा. त्याच्याखाली आज ९ नाही, पण ५ इंच तरी वाळू आहे, उजवीकडच्याखाली मुरूम दिसतोय.