पेटी मस्त शिकवतात, पण स्क्रीन फिरली की बोंब
पेटी शिकायचं हे ॲप दोन महिने वापरतोय, शिकवणं एकदम झकास, पण स्क्रीन फिरवायचा जो गोंधळ घातलाय ना तो डोक्यात जातो. व्हिडिओसाठी फोन आडवा केला ते ठीक, पण मागे आलं की धड्यांची यादी, सेटिंग, लॉगिन सगळंच आडवं, त्यात कीबोर्ड उघडला की पासवर्डची जागाच दिसत नाही!! वर फोन फिरवला की व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून.

मी स्वतः अँड्रॉइडचंच काम करतो म्हणून सांगतो, फोन फिरला की सिस्टिम ती ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपची समोरची स्क्रीन, मोडून नवी बनवते, मग व्हिडिओ कुठवर आला होता ते व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीन नव्याने बनली तरी माहिती टिकवणारा कोडचा भाग) ठेवायला काय झालं? मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला देणारी फाइल) प्रत्येक ॲक्टिव्हिटीला वेगळं ओरिएंटेशन, म्हणजे उभं की आडवं ते, देता येतं, यादी उभी, प्लेअर मोकळा, झालं. बहुतेक सगळे फ्रॅगमेंट (स्क्रीनचे सुटे भाग) एकाच ॲक्टिव्हिटीत कोंबलेत, प्लेअर उघडताना कोडमधून आडवं केलं आणि बाहेर पडताना परत उभं करायला विसरले.

आता सगळं उभंच लॉक करून टाकू नका म्हणजे मिळवली. अँड्रॉइड १६ टार्गेट केलेल्या, म्हणजे त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपचं असलं लॉक ६०० डीपी (स्क्रीनची रुंदी मोजायचं अँड्रॉइडचं एकक) आणि त्याहून मोठ्या स्क्रीनवर सिस्टिम जुमानत नाही, गेम सोडून, म्हणजे टॅबवर पुन्हा हेच रडगाणं.

बायकोच्या आयफोनवर उलटीच तऱ्हा, तिथे व्हिडिओ फिरतच नाही, बिचारी मान वाकडी करून सरगम वाजवते.

तीन स्टार, तेही सरांच्या शिकवण्याला.