सत्काराचा तयार संच: कॅन्सरमधून उठलेल्यांसाठी किती कामाचा?

कोल्हापुरात सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ, फेटा, हार आणि सन्मानचिन्ह. महाद्वार रोड म्हणा, राजारामपुरी म्हणा, नुसता माणसांचा आकडा सांगा, दुकानदार तेवढे संच बांधून देतो. कॅन्सरमधून वाचलेल्यांचा दिवस जूनच्या पहिल्या रविवारी येतो. अमेरिकेत १९८८ साली तो सुरू झाला, आता आपल्याकडेही त्या निमित्ताने मेळावे होतात. ४ फेब्रुवारीचा कॅन्सर दिन आणि २२ सप्टेंबरचा रोझ डे आहेतच. संच मात्र निवृत्त मुख्याध्यापकांना आणि कुस्ती मारलेल्या पैलवानाला मिळतो तोच. उपचारातून गेलेल्या शरीराला त्यातलं काय सोसतं, हे इथे वस्तू-वस्तू करून पाहिलं आहे.

एक गोष्ट आधी ध्यानात ठेवावी. वाचलेल्यांच्या या दिवसाच्या हिशेबात निदान झालेल्या दिवसापासून माणूस मोजला जातो, उपचार संपल्यापासून नव्हे. म्हणजे दहा वर्षं ठणठणीत असलेल्या काकूंच्या शेजारी परवाच केमो घेतलेला मुलगा बसलेला असणार. संच त्या मुलाच्या मापाने मागवावा. काकूंना तो चालतोच.

सगळ्यात आधी बाहेर काढायची ती विडा-सुपारी. तबकात पान आणि वर दोन सुपाऱ्या ही आपली रीत, ओटीतही सुपारी असतेच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलाही, कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. मावा-गुटख्याने जबडा गमावलेल्या माणसाच्या हातात समारंभपूर्वक सुपारी द्यायची, याहून मोठा विनोद नसेल. दुकानदाराला ‘सुपारी नको’ एवढंच सांगून भागत नाही, तो सवयीने घालतो. पिशव्या बंद होण्याआधी स्वतः पाहून घ्याव्यात. जागा भरायची तर खारीक किंवा बदाम चालतात.

शाल. स्वस्त संचातली शाल बहुतेक ऍक्रिलिकची असते. छातीला किंवा मानेला शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्या माणसाची तिथली कातडी कोरडी, पातळ होते आणि बरेच महिने तशीच राहते. त्यावर ऍक्रिलिक टोचतं, घाम धरतं, आणि जूनच्या दमट हवेत पाच मिनिटांत शाल खुर्चीच्या पाठीवर जाते. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर असताना ऍक्रिलिक मागवायचं कारण तरी काय? मऊ सुती उपरणं किंवा मलमलचा दुपट्टा घ्यावा, एकदा धुऊन खळ काढावी, इस्त्री करून घडी घालावी. जरीचा काठ मानेशी येणार नाही असा असावा. शाल घालणाऱ्या पाहुण्यांनाही सांगून ठेवावं: शाल हलकेच ठेवायची, ओढून नीट करायची नाही. केमोसाठी बसवलेला पोर्ट, म्हणजे औषध सोडायची छोटी डबी, गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत असतो, पिक लाइन, म्हणजे शिरेत घातलेली लांब नळी, दंडावर असते. फोटोसाठी खांद्याला धरून जवळ ओढणं हा दोन्हींना त्रास.

फेटा ठेवावा, जरूर ठेवावा. कोल्हापुरी फेट्याची शान या प्रसंगाला शोभते, आणि केस गेलेल्या डोक्याला फेट्याइतकं देखणं झाकण दुसरं नाही. पण तयार, शिवलेला फेटा नको. त्याची आतली कड कडक असते, माप ठरलेलं असतं आणि केस नसलेल्या डोक्यावरून तो घसरत भुवईवर येतो. मग कोणीतरी मागून टाचणी लावतं. केमो संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत लव येऊ लागते, तेव्हाही टाळू हुळहुळी असते. आत मऊ सुती टोपी, तिची शिवण बाहेरच्या बाजूला, आणि वर बांधणाऱ्याकडून सैलसर बांधलेला फेटा, हा उपाय टिकतो. पिन लावायचीच तर कापडाच्या दोन थरांत, टाळूपासून दूर. वेळेचा हिशेब आधी करावा: एकाला पाच मिनिटं धरली तर चाळीस जणांना दोनशे मिनिटं लागतात. तीन बांधणारे बोलावले तरी तासाहून जास्त. म्हणून बांधायला सुरुवात पाहुणे येण्याच्या आधी, आणि ज्यांना नको त्यांना आग्रह नाही.

हाराबद्दल थोडक्यात. केमोच्या डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात ताजी फुलं, त्यांचं साचलेलं पाणी आणि त्यावरची बुरशी जवळ नको. रोझ डेचा गुलाबही त्यात आला. घशाच्या कॅन्सरनंतर स्वरयंत्र काढलेला माणूस गळ्यावरच्या छिद्रातून श्वास घेतो. त्या छिद्रावर हार, गुलालाची चिमूट किंवा अत्तराचा फवारा म्हणजे सरळ श्वासाशी खेळ. कापडी किंवा सुताचा हार बरा, तोही आखूड नको. गुलाबपाण्याची फवारणी पूर्ण बंद. वासाने मळमळणारे चार जण तरी सभागृहात असतातच.

आता कोल्हापुरी चप्पल. बाहेरगावचे प्रायोजक ती हौसेने संचात घालायला सांगतात. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, वस्तू अस्सल, प्रश्न पायाचा आहे. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधांनी तळव्यांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. सिस्प्लॅटिनचा तर औषध थांबल्यावरही काही महिने वाढत राहू शकतो. नवी चप्पल अंगठ्याला चावते हे धडधाकट माणसाला लगेच कळतं. बधिर पायाला फोड फुटेपर्यंत कळत नाही, मधुमेह असेल तर विचारूच नका. मागे पट्टा नसल्याने ओल्या फरशीवर चप्पल पायातून निसटते. यांना मागे पट्टा असलेली, जाड मऊ तळाची सॅंडल द्यावी, माप संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्यावं. कोल्हापुरी चप्पल सोबतच्या माणसाला द्या, तिथे ती शंभर टक्के पास.

खाऊच्या पुडीत हमखास कांदा-लसूण चटणी आणि भडंग असतो. तोंडाला शेक घेतलेल्यांची लाळ आटलेली असते, जिभेला तिखट सोसत नाही, कोरडा भडंग घशाखाली उतरत नाही. जबडा आखडलेल्याचं तोंड ३५ मिलिमीटरही उघडत नाही. त्याला अख्खा लाडू म्हणजे परीक्षाच. चिक्कीही नको: लाळ नसताना दाताला चिकटलेला गूळ दात किडवतो, आणि शेक घेतलेल्या जबड्यातला दात काढणं ही साधी गोष्ट नसते, हाड न भरण्याचा धोका असतो. नाचणी सत्त्वाचं पाकीट, मऊ खजूर, साजूक तुपातला पातळसर शिरा हे बहुतेकांना चालतं. जेवणात पांढरा रस्सा सौम्य म्हणून वाढला जातो, पण त्यातही मिरी आणि हिरवी मिरची असते. तोंड आलेल्यांसाठी मऊ मुगाची खिचडी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने ठेवावी. चिरलेली कोशिंबीर टाळावी. गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाचा बेत कितीही मोह पाडणारा असला तरी न तापवलेलं दूध पेशी कमी असलेल्यांना वर्ज्य. बर्फ घातलेलं सरबतही विचारून द्यावं. ऑक्सॅलिप्लॅटिन घेतलेल्यांना डोसनंतर काही दिवस गार घोटाने घसा आवळल्यासारखा होतो.

सन्मानचिन्ह काचेचं आणि जड असतं. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला सूज येण्याची शक्यता कायम असते. नारळ, पिशवी आणि काच एकदम त्याच हातात देऊ नये. लाकडी, हलकं चिन्ह घ्यावं. मजकुरात ‘कॅन्सरवर मात केलेली रणरागिणी’ वगैरे नको. ज्यांचा आजार गोळीवर आटोक्यात आहे पण गेलेला नाही, त्यांना ते वाचणं जड जातं. नाव आणि साल पुरेसं आहे. फ्लेक्सवरही फोटो विचारल्याशिवाय लावू नये. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लावणाऱ्या आपल्या गावाला हे विचित्र वाटेल, पण मुलीचं लग्न ठरेपर्यंत आजार लपवणारी घरं इथेही आहेत.

सुजेवरचा दाबबाही, म्हणजे कॉम्प्रेशन स्लीव्ह, सर्जिकल दुकानात मिळतो म्हणून सरसकट वाटायचा मोह होतो. तसं करू नये. मनगट, कोपराखालचा भाग, कोपर आणि दंड यांचा घेर आणि हाताची लांबी घेतल्याशिवाय तो बसत नाही. सैल असेल तर निरुपयोगी, आवळ असेल तर पंजा सुजतो. दाब किती, पाऱ्याचे २० ते ३० मिलिमीटर की आणखी, हे फिजिओथेरपिस्ट ठरवतात. एक धुवायला, एक घालायला असे दोन लागतात आणि साधारण सहा महिन्यांत ताण संपतो. वाटायचंच तर माप घेण्याच्या खर्चासकट कूपन द्या. स्तन काढलेल्यांसाठीचं विणलेलं सुती स्तन-कृत्रिमांगही असंच: उत्तम वस्तू, हलकी, धुता येणारी, पण व्यासपीठावर नव्हे, बंद पिशवीत बाजूला.

उरला सोबत्याचा संच, आणि तो बाजारात तयार मिळतच नाही. नवऱ्याला, सुनेला, लेकाला आजवर टाळ्यांशिवाय काही मिळत नव्हतं. पिशवीत डिजिटल थर्मामीटर ठेवावा, सोबत चिठ्ठी: केमो सुरू असताना १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे सकाळची वाट न पाहता रुग्णालयात. आठवड्याच्या सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा, सकाळ-रात्र वेगळा असलेला. थर्मास. आणि फाइल, पण नुसती ए-फोर नको. एक्स-रे, सीटीच्या फिल्म १४ बाय १७ इंचांपर्यंतच्या असतात, त्यांना वेगळं मोठं पाकीट लागतं. सीडीला कप्पा लागतो. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक कडक डब्यात ठेवावे लागतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून परळला टाटात पोहोचल्यावर काच तडकलेली निघाली तर तो दिवस वाया. याच फाइलीत रेल्वे सवलतीच्या दाखल्याला जागा ठेवावी: स्लीपर आणि थ्री टियर एसीत रुग्णाला पूर्ण सूट, सोबतच्या एकाला ७५ टक्के. बऱ्याच घरांना हे ठाऊकच नसतं.

सोबत्यांत काही जण असे असतात की ज्यांचं माणूस वाचलं नाही. त्यांना बोलवावं आणि पिशवी तीच द्यावी. हळदी-कुंकवाचा कार्यक्रम जोडायचा असेल तर विधवा म्हणून कोणी ओळीत वगळली जाणार नाही हे आधी ठरवावं, नाहीतर तो भाग गाळावा.

बाजारातला संच जसाच्या तसा घेतला तर पाचात दोन गुण, नारळाचा एक आणि फेट्याचा एक, तोही बांधून घेतला तरच. सुती उपरणं आणि लाकडी चिन्हाची ऑर्डर तीन आठवडे आधी द्यावी, लग्नसराईच्या शेपटाला दुकानदार रिकामे नसतात. पिशव्या कापडीच घ्याव्यात पण आत प्लॅस्टिकचं अस्तर मागावं. त्या रविवारी पाऊस येण्याची शक्यता निम्मी धरून चालावं, आणि फाइलीतले कागद भिजले तर ते पुन्हा काढायला ज्या खेपा होतात त्या सोबत्यालाच माराव्या लागतात.