पोराच्या मायग्रेनला फ्लुनारिझिन: सहा-सात महिन्यांनंतर

आमचं पोरगं पाचवीत आहे, पेठेत फुटबॉल खेळतंय. डोकं दुखायला लागलं की सगळं कपाळ धरतंय, उलटी होते आणि लाईट बंद करून पडून राहतंय. मायग्रेनमध्ये लहान पोरांत अर्धंच डोकं दुखेल असं नसतंय, त्यामुळं चष्मा लागला असंल, पित्त असंल, आमच्या आईचं दृष्ट काढणं, सगळं करून झालं. शाळा बुडायला लागली तेव्हा न्यूरोवाल्या डॉक्टरांकडं गेलो.

डोकं वारंवार दुखू नये म्हणून रोज द्यायची गोळी निवडायलाच डॉक्टरांनी लई वेळ घेतला. प्रोप्रानोलॉल नको, कारण लहानपणी दम्याचा पंप होता. टोपिरामेटनं घाम कमी येतो, आणि हे एप्रिलच्या उन्हात मैदानावर पळणार, शिवाय शब्द पटकन सुचत नाहीत अशी पण तक्रार असते म्हणे, म्हणून ती पण नको. मग फ्लुनारिझिन ५ मिलिग्रॅम, रात्री झोपताना.

पहिला महिना काहीच फरक नाही. डॉक्टर आधीच बोलले होते दोन महिने तरी द्या, तरी बायको रोज विचारायची बंद करूया का. तिसऱ्या महिन्यापासनं मात्र कॅलेंडरवरच्या लाल खुणा कमी दिसायला लागल्या, आता महिन्यात एखाददुसरी, आणि दुखलं तरी वेळेत आयबुप्रोफेन दिलं की संध्याकाळी पोरगं खेळायला तयार. ती दुखण्यावरची गोळी पण आठवड्यात दोन दिवसांच्या वर नको म्हणून सांगितलंय, जास्त घेतली तर त्यानंच डोकं दुखायला लागतंय.

आता त्रास. भूक कसली म्हणताय, डबा संपवून आल्यावर परत भाकरी मागतंय! वजन चांगलंच वाढलंय, मैदानावर दम लागतो आणि पोरं चिडवतात ते वेगळंच. सकाळी उठवायचं म्हणजे युद्ध. मूड पण बघत राहा, या गोळीनं काही जणांना उदास वाटतंय, आमच्यात तसं झालं नाही.

हे सगळं गोळीनंच झालं का, तर छातीठोक नाही सांगत. २०१७ ला अमेरिकेतली एक मोठी ट्रायल छापून आलीय, ८ ते १७ वयाच्या पोरांवर अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेटची, त्यात दुखण्याचे दिवस निम्म्यावर आलेली पोरं ५२ आणि ५५ टक्के, आणि औषध नसलेल्या नकली गोळीवर ६१! फ्लुनारिझिन त्यात नव्हतं, पण वाचून डोकं चक्रावलं. आम्ही पण त्याच काळात दहाला झोप, उपाशीपोटी प्रॅक्टिस बंद, पाण्याची बाटली कंपल्सरी असं चालू केलेलं. गणपतीत कोल्हापूरच्या महाद्वार रोडची मिरवणूक यंदा टाळली, डॉल्बी आणि लेझर लाईटनं मागच्या वर्षी हमखास दुखलेलं. पोरगं दोन दिवस बोललं नाही आमच्याशी.

परत द्यायची वेळ आली तर देईन, पण वजनाचं आधी विचारून. परीक्षेच्या तोंडावर बंद करायला डॉक्टर नको म्हणालेत, मे महिन्याच्या सुट्टीत बंद करून बघणार आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या पोराचं वजन नंतर उतरलं का, तेवढं सांगा.