मोठा बूट, काळं नख: स्की बूट बदलावे की नाही, दोन हिवाळ्यांच्या घोळानंतर

निकाल आधीच सांगून टाकते, कारण असे लांबलचक अनुभव वाचताना मीही सरळ खाली जाऊन निकाल शोधते. दोन हिवाळे मिळून २७ दिवस मी माझ्या पावलापेक्षा दोन मापं मोठ्या बुटांत स्कीइंग केलं, आणि त्या सगळ्या काळात माझी तक्रार एकच होती: बूट फार घट्ट आहेत, चावतात. शेवटी २६.५ चे बूट सोडून २४.५ वर आले. नव्या बुटांत अख्खा एक हिवाळा, २२ दिवस झालेत. बदलले ते बरं झालं. पण बदलायचं ठरवायला मी जो वेळ घालवला आणि जी सोंगं केली, ती लिहून ठेवते. कुणाचं तरी एखादं नख वाचेल.

सुरुवात दुकानातच चुकली. पाय आत घातला, बोटं मोकळी हलली, मी खूश. साधा बूट घेताना अंगठ्यापुढे बोटभर जागा बघायची सवय लहानपणापासूनची, तीच इथे लावली. विकणाऱ्याने पाऊल मोजलं नाही, मीही मोज म्हटलं नाही. नेहमीच्या बुटांचा नंबर सांगितला, त्याने एक जोड काढून दिली, दहा मिनिटांत काम झालं. स्की बूट दहा मिनिटांत घेऊन झाला की समजावं, काहीतरी राहिलंय.

पहिल्या हिवाळ्यात दुखण्याचा क्रम ठरलेला असायचा. सकाळी ठीक. तासाभराने पावलाच्या वरचा उंचवटा, जिथे आपण नाडी बांधतो तिथे, ठणकायला लागायचा. मग बोटं बधिर. मग तळव्यात गोळा. दुपारी बकल उघडलं की रक्त परत येताना अशी कळ यायची की बाकावर बसून दात आवळायचे. नडगीवर, बुटाच्या वरच्या काठाच्या रेषेत, काळानिळा पट्टा. आणि दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, उजव्या अंगठ्याचं नख काळं झालं. आधी लाल, मग जांभळं, चौथ्या दिवशी जांभळासारखं काळं.

या सगळ्याचा मी काढलेला अर्थ: बूट लहान पडतो. खरं उलटं होतं. बूट मोठा असला की टाच जागेवर बसत नाही. प्रत्येक वळणाला ती उचलली जाते, पाऊल पुढे सरकतं आणि अंगठा समोरच्या प्लॅस्टिकवर आपटतो. एकदा आपटला तर काही नाही, दिवसात हजार वेळा आपटला की नखाखाली रक्त साकळतं. नडगीचंही तसंच. ती बुटाच्या जिभेला सतत टेकलेली असेल तर दुखत नाही. मध्ये फट असेल तर आधी सुटते, मग आदळते. बधिरपणा तर मी स्वतः ओढवून घेतला होता. पाय हलतो म्हणून पावलावरची बकलं शेवटच्या दातापर्यंत ओढायची. त्याने टाच धरली जात नाही, फक्त वरच्या शिरा आणि नसा दाबल्या जातात. तळव्यातला गोळा कशाचा? बोटांनी बुटाचा तळ पकडून ठेवायच्या धडपडीचा. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त बकल सैल, बकल घट्ट, सैल, घट्ट, एवढंच करत होते.

मग उपाय. दोन मोजे घालून बघितले. ही सगळ्यात वाईट कल्पना. आत सुरकुत्या पडतात, घाम साठतो, पाय आणखी गार पडतो आणि हलायचा तो हलतोच. एकच पातळ, गुडघ्याखालपर्यंतचा मोजा, आणि आतल्या थर्मलची कड बुटाच्या वरच राहील, हे आता मी कटाक्षाने पाळते. टाचेखाली ५ मिलिमीटरची पाचर घातली, दोन दिवस बरं वाटलं. लायनरला, म्हणजे बुटाच्या आतल्या मऊ अस्तराला, घोट्याभोवती फोमच्या पट्ट्या चिकटवल्या, त्यानेही टाच थोडी धरली. थोडी. कमानीला आधार देणारा फूटबेड करून घेतला, तो मात्र खरोखर उपयोगी पडला आणि आता नव्या बुटांत कापून बसवलाय. म्हणजे पैसे वाया गेले नाहीत. पण प्रत्येक उपायानंतर चार-पाच दिवसांनी मी पुन्हा त्याच बाकावर बसून तोच बूट उघडत असे.

डोळे उघडले ते एका रात्री, खोलीवर. शेलची, म्हणजे बुटाच्या बाहेरच्या कडक कवचाची, चाचणी करायचं कितीतरी दिवस मनात होतं, कंटाळा करत होते. लायनर बाहेर ओढला. पहिल्यांदाच बाहेर काढला होता, त्यामुळे आतून वाटीभर बर्फाचं पाणी आणि हातमोज्याचा एक हरवलेला चिमटा निघाला. रिकाम्या प्लॅस्टिकच्या शेलमध्ये अनवाणी पाय घातला, बोटं समोर जेमतेम टेकवली, गुडघा थोडा वाकवला, आणि बहिणीला मागून मोबाइलचा टॉर्च धरून टाचेमागची फट बघायला सांगितली. ती बराच वेळ काहीच बोलेना. मग म्हणाली, “ताई, इथे माझी दोन बोटं जातात. आणि वर जागा उरते.” पट्टीने मोजलं: ३३ मिलिमीटर.

ही फट साधारण १० ते २० मिलिमीटर असावी. शर्यतीवाले १० च्याही खाली जातात, आरामात स्की करणाऱ्यांना २० पर्यंत चालतं. २५ च्या पुढे गेली की बूट आपला नाही. माझा आकडा बघून बहीण हसली, मला हसू आलं नाही.

मापाबद्दल इथेच सांगते, कारण माझा घोळ याच अज्ञानातून झाला. स्की बुटाचं माप मोंडोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, बाकी काही गूढ नाही. टाच भिंतीला लावून, त्या पायावर पूर्ण भार देऊन, सर्वात लांब बोटापर्यंत मोजायचं. दोन्ही पाय, आणि शक्यतो संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. माझे निघाले २३८ आणि २४२ मिलिमीटर. आणि मी हिंडत होते २६.५ मध्ये! आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: अर्ध्या मापाला सहसा वेगळा शेल नसतो. २६ आणि २६.५ चं प्लॅस्टिक एकच असतं, फरक आतल्या लायनरचा किंवा तळाचा. त्यामुळे “अर्धं माप मोठं घेऊ का” याने फार फरक पडत नाही, पण पूर्ण माप मोठं घेतलं की शेलच सेंटिमीटरने लांब होतो. माझा दोन सेंटिमीटरने लांब होता.

तरीही मी लगेच बदलले नाहीत. बूट दिसायला नवे होते ना. बकलं चकाचक, प्लॅस्टिकवर जेमतेम दोन ओरखडे. चांगली वस्तू टाकायची कशी, या एका विचारात आणखी तीन आठवडे गेले. लायनर बदलून भागेल का, म्हणून बूट फिटरकडे, म्हणजे पायाप्रमाणे बूट बसवून देणाऱ्या कारागिराकडे, गेले. त्यांनी आधी बुटाला हातच लावला नाही. मला अनवाणी उभं केलं, घोटा किती वाकतो ते पाहिलं, पोटरी कुठे रुंद होते ते पाहिलं, मग कमान. शेवटी शेलमध्ये डोकावले आणि म्हणाले, “हा मोठा करायचा असता तर मी उद्या देतो म्हटलं असतं. लहान कसा करू?”

भक्कम, जाड लायनर बसवून आतला घेर कमी करता येतो, हे त्यांनी सांगितलं. पण लांबी तीच राहते; घोट्याचा खळगा, टाचेची वाटी, सगळं दोन मापं मोठ्या पावलासाठी कोरलेलं. लायनर म्हणजे मोठ्या पातेल्यात जाड कापड कोंबल्यासारखं. आणि फोम दबला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यावर नवीन बुटाच्या निम्म्याच्या आसपास पैसे घालण्यात अर्थ नव्हता.

माझ्या मैत्रिणीची गोष्ट मात्र याच्या उलट, आणि ती वाचून मगच बूट टाका. तिच्या शेलची लांबी अगदी बरोबर, पण करंगळीच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, तिथे आग व्हायची. तिने नवीन बूट बघायला सुरुवात केली होती. फिटरने त्या जागेवर खूण केली, प्लॅस्टिक तापवलं, आतून दाबून काही मिलिमीटर फुगवलं आणि थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. काम झालं. तिचे तेच बूट अजून चालू आहेत. एका ठिकाणी टोचत असेल आणि शेल बरोबर असेल तर दुरुस्ती आधी. सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल, आणि रोज जागा बदलत असेल, तर टॉर्च काढा.

वयाचंही बघायला हवं. कपाटात पडून राहिलेलं जुनं प्लॅस्टिक काही वर्षांनी ठिसूळ होतं, उतारावर बूट फुटल्याची उदाहरणं आहेत. पुढचा-मागचा सोल चालून चालून गोल झाला असेल तर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, पडताना नीट सुटेल याची खात्री उरत नाही. असे बूट मापाला कितीही बरोबर असले तरी ठेवू नयेत.

आता नवे बूट. २४.५, शेलची फट १३ मिलिमीटर, रुंदी ९८ मिलिमीटर. हा ९८ चा आकडा एका ठरावीक मापाच्या बुटाचा असतो, लहान मापात प्रत्यक्ष रुंदी त्याहून कमी. आधी मला हे माहीत नव्हतं आणि डब्यावरचा आकडा वाचून मी उगाच धास्तावले होते. फ्लेक्स, म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे तो आकडा, ७० वरून ८५. या आकड्याला फार किंमत देऊ नका, प्रत्येक कंपनीचा ८५ वेगळा असतो, आणि दुकानाच्या उबेत मऊ वाटलेलं प्लॅस्टिक थंडीत कडक होतं.

पहिल्यांदा घातले तेव्हा सरळ उभी राहिले तर बोटं समोर टेकत होती, आणि मी घाबरून काढायलाच निघाले. गुडघे वाकवून नडगी जिभेवर टाकली तशी टाच मागे गेली आणि बोटं सुटली. हाच तो फरक! स्की बूट सरळ उभं राहून तपासायचा नसतो. पंचेचाळीस मिनिटं घालून बसले, उठले, वाकले. लायनर तापवून पायाच्या आकाराला बसवला.

पहिले पाच दिवस बरे नव्हते, खोटं कशाला बोलू. उजव्या पायाला आतल्या घोट्याखालचं हाड दुखायला लागलं, सहाव्या दिवशी परत जाऊन तिथे फुगवून घेतलं. नंतर दुखलं नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी लायनर दबून थोडा सैल झाला, तेव्हा बकलचा स्क्रू दोन फेरे फिरवून ते किंचित आवळलं. अख्खा दात पुढे घ्यायची गरज पडली नाही. बकल लावायचा क्रमही बदललाय: आधी टाच जमिनीवर मागे आपटायची, मग घोट्याजवळचं, वरची त्यानंतर, आणि पावलावरची फक्त मिटण्यापुरती. ती खालची दोन बकलं मी आता दोन बोटांनी लावते. पूर्वी गुडघा टेकवून ओढायचे.

बोटं उबदार राहतात, हे मला अपेक्षितच नव्हतं. वाटलं होतं, घट्ट म्हणजे गार. वळणं कशी झाली ते विचाराल तर, स्की आता मी सांगितल्यावर वळते. आधी सांगितल्यावर थोड्या वेळाने वळायची. मी तो माझ्या कौशल्याचा दोष समजत होते आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे तासही घेतले होते. ते जाऊ दे.

तक्रारी आहेतच. थंड सकाळी हे बूट घालणं म्हणजे कुस्ती. जीभ बाहेर बाजूला ओढून, लायनरच्या मागचा पट्टा धरून, तोंडाने काहीबाही म्हणत पाय घालावा लागतो. रात्री बाहेर गाडीत ठेवले तर संपलंच. काढताना टाच अडते. चालायला आधीच्यांपेक्षा वाईट.

बूट बदलला की काम तिथे संपत नाही, याकडे माझं दुर्लक्ष होणार होतं. जुन्या बुटाच्या सोलची लांबी ३०५ मिलिमीटर होती, नव्याची २८५. हा आकडा टाचेजवळ प्लॅस्टिकवर कोरलेला असतो. म्हणजे बाइंडिंग सरकवून पुन्हा बसवावी लागते, आणि सुटण्याचा डिन आकडाही वजन, उंची, वय, स्कीइंगची पद्धत आणि ही सोलची लांबी बघून नव्याने लावावा लागतो. मी ते तंत्रज्ञाकडून करून घेतलं, स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरी बसले नाही. शिवाय नव्या बुटाचा सोल ग्रिपवॉकचा, पुढून किंचित वर वळलेला. माझी बाइंडिंग तो घेते हे आधी तपासलं. जुन्या बाइंडिंगमध्ये तो चालेलच असं नाही.

जुने बूट दोन महिने कपाटात ठेवले होते. मग २६ मापाच्या पावलाची एक मुलगी भेटली. विकण्याआधी तिलाही लायनर काढून, टॉर्च लावून दाखवलं. फट १५ निघाली. तिच्याकडे ते बूट अजिबात चावत नाहीत म्हणे.

माझं नख मात्र सावकाश चाललंय. अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. काळा डाग महिन्याला जेमतेम दीड-दोन मिलिमीटर पुढे सरकत आलाय, आता फक्त कडेला एक बारीकशी चंद्रकोर उरली आहे. पुढच्या वेळी नखं कापेन तेव्हा ती जाईल.