एका कढईतला चिकन खिमा: दाट रस क्रीमचा, दह्याचा, काजूचा, नारळाचा की मैद्याचा?

सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. हे वार पाळणाऱ्या मुंबईतल्या मराठी घरांत कामाच्या दिवसांपैकी सामिषाला उरतात दोनच रात्री, बुधवारची आणि शुक्रवारची. रविवारचं मटण निवांत शिजतं, त्याचं वेगळं. बुधवारी गाडीतून उतरून आठ वाजता घरात पाऊल टाकल्यावर खोबरं भाजून, वाटण वाटून कोंबडीचा रस्सा करायचं त्राण कुणात नसतं. चिकनचा खिमा आठ-दहा मिनिटांत शिजतो, त्यातच भाज्या गेल्या की वेगळी भाजी लागत नाही आणि घासायला एक कढई पडते. इथवर वाद नाही. वाद आहे तो रस दाट आणि मऊ कशानं करायचा यावर.

घरात साधारण पाच वाटा असतात: क्रीम किंवा साय, दही, काजू, नारळाचं दूध आणि मैदा-दूध. पाचही मी एकाच मापावर तोलते आहे. अर्धा किलो खिमा, दोन मध्यम कांदे, चमचाभर आलं-लसूण, पाव किलोच्या आसपास भाज्या. चार माणसांचं जेवण. आणि निवडीचा माझा पहिला प्रश्न चवीचा नाही, टोमॅटोचा आहे. आपला हात सवयीनं कांद्यामागोमाग टोमॅटोकडे जातो. पाचांपैकी तीन वाटा तिथेच नासतात.

क्रीम आणि साय

अमूलच्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो. परदेशी पाककृतींत जे क्रीम बिनधास्त उकळायला सांगतात ते ३५ टक्क्यांच्या वरचं असतं. स्निग्धांश जितका जास्त, तितकं क्रीम उष्णता आणि आंबटपणा सोसतं. त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून आपलं क्रीम टोमॅटोच्या खळखळत्या रसात ओतलं की वर तुपकट तवंग येतो आणि खाली पांढरे कण दिसायला लागतात. हे टाळणं अवघड नाही. गॅस बंद करायचा, कढई मिनिटभर निवू द्यायची आणि मग क्रीम ढवळायचं. अर्ध्या किलोला १०० मिली पुरे होतं. त्याहून जास्त घातलं तर खिमा आणि मसाला दोन्हींची चव दबते आणि जेवण हॉटेलातल्या लग्नाचं वाटायला लागतं.

पाकीट आणायलाच हवं असं नाही. फुल क्रीम दूध येणाऱ्या घरात दोन-तीन दिवसांची साय असतेच. चार चमचे साय दोन चमचे दुधात फेटून घेतली की काम होतं. पोत थोडा रवाळ येतो, पण चव पाकिटापेक्षा खरी असते. फक्त विरजण लावलेली साय घेऊ नये. ती आता दह्याच्या घरची झाली.

क्रीमच्या बाजूनं बोलायचं तर, भिजवणं नाही, वाटणं नाही. मिरपूड, कसुरी मेथी, मटार आणि मक्याचे दाणे यांच्याशी त्याचं उत्तम जमतं. मेथीची जुडी निवडायला घरात कुणी मोकळं असेल तर ताजी मेथी घालावी. तिचा कडवटपणा क्रीमचा बोजडपणा कापतो.

दही

सगळ्यांत स्वस्त, कायम घरात असलेलं आणि सगळ्यांत लहरी. दही तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटून आकसतात आणि पाणी बाहेर सोडतात, त्यालाच आपण फुटणं म्हणतो. बेसन किंवा कॉर्नफ्लोअरमधला स्टार्च या प्रथिनांच्या मधे शिरून त्यांना एकत्र येऊ देत नाही. कढीत आपण बेसन लावतो ते एवढ्याचसाठी. तेव्हा वाटीभर दह्याला लहान चमचाभर बेसन लावून ते गुठळी मोडेपर्यंत फेटायचं, फ्रिजमधून आधीच बाहेर काढून ठेवायचं, आच मंद करायची आणि चमच्याचमच्यानं घालत ढवळत राहायचं. मग बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत चार-पाच मिनिटं.

ही पाच मिनिटं मात्र कढईसमोरून हलायचं नाही. एका बाजूला मुलांचा अभ्यास, दुसऱ्या बाजूला चपात्या, अशी जिची संध्याकाळ असते तिनं दह्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

यातून एक पळवाट आहे आणि ती मुंबईत सहज मिळते. डेअरीतला चक्का. पाणी आधीच निथळलेलं असल्यानं तो दह्यापेक्षा कमी फुटतो, आणि तीन-चार चमच्यांतच रस दाटतो. दोन चमचे पाण्यात सैल करून शेवटी घालावा. दही किंवा चक्का घातला की टोमॅटोची गरजच नसते, आंबटपणा त्यातच आहे. पालक, ढोबळी मिरची, भरपूर पुदिना, थोडा गरम मसाला यांच्याबरोबर तो शोभतो. मात्र लोखंडी कढई नको. आंबट लागलं की रस काळवंडतो आणि धातूची चव येते.

काजू

टोमॅटो सुटणारच नसेल तर उत्तर काजू आहे, दुसरं नाही. काजूत स्निग्धांश आहेच, शिवाय इतर सुक्यामेव्यापेक्षा स्टार्चही जास्त आहे. म्हणून तो रस दाट करतो आणि फुटत नाही. टोमॅटो घाला, लिंबू पिळा, खळखळून उकळा, काजू ढिम्म हलत नाही. अर्धा किलो खिम्याला पंधरा-वीस काजू लागतात. आख्खे घ्यायचं कारण नाही, वाटायचेच आहेत. तुकडा काजू स्वस्त पडतो.

अडचण मिक्सरची. गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवणं, चटणीच्या भांड्यात वाटणं, ते भांडं धुणं. म्हणजे एका कढईचं जेवण राहिलं नाही, आणि साडेआठला मिक्सर लावला की झोपायला आलेलं बाळ उठतं ते वेगळंच. यावर सुटसुटीत उपाय म्हणजे सकाळी निघतानाच काजू पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचे, आणि सकाळच्या चटणीला मिक्सर निघणारच असेल तर तेव्हाच वाटून ठेवायचे. वाटण कढईत पडल्यावर तळाला लागतं, म्हणून आच कमी आणि अर्धा कप गरम पाणी हाताशी. खिमा गॅसवरून उतरल्यावरही रस दाटत जातो. कढईत थोडा पातळ वाटला तरच ताटात बरोबर होतो.

गाजर, मटार, फरसबी, फ्लॉवर या आपल्या नेहमीच्या मिश्र भाज्या काजूत सगळ्यांत चांगल्या लागतात. घरात कुणाला सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर अर्थातच हा विषय संपला.

नारळाचं दूध

माझं मत इथे पडतं, हे आधीच सांगून टाकते. कोकणातून आलेल्या मुंबईकराच्या जिभेला क्रीमपेक्षा हे जवळचं. दुधाचे पदार्थ ज्यांना पचत नाहीत त्यांनाही चालतं. आणि तयार दूध घेतलं तर मिक्सरही नको. २०० मिलीचा डबा आता साध्या वाण्याकडेही मिळतो, आणि तेवढा अर्ध्या किलोला बरोबर होतो. डबा उघडण्याआधी हलवावा, नाहीतर वरचा घट्ट थर वरच राहतो.

ताज्या नारळाची चव अर्थातच वरचढ आहे, पण खवणं, वाटणं, पिळणं हे बुधवारच्या रात्रीचं काम नव्हे. केलंच तर रीत मासळीच्या कालवणाचीच. पातळ दुधात खिमा आणि भाज्या शिजवायच्या, पहिलं घट्ट दूध शेवटी घालायचं, एक वाफ येऊ द्यायची आणि झाकण न ठेवता उतरवायचं. फार उकळलं की तेल सुटतं. काही आमट्यांत ते तेल मुद्दाम सोडतात, इथे ते नको.

आंबटाचं मात्र इथेही भान हवं. टोमॅटो एखादा, कांद्याबरोबर पूर्ण परतून पाणी आटवलेला, एवढाच चालतो. कोकमं उकळत्या रसात टाकू नयेत. सोलकढीत कोकमाशी नारळाचं दूध जमतं, कारण तिथे ते चुलीवर चढतच नाही. आंबट हवंच तर ताटात लिंबू पिळावं. मसाला हलका ठेवावा: हिरवी मिरची, कढीपत्ता, मिरपूड, आणि रंगाला अर्धा चमचा मालवणी मसाला. भाज्यांत लाल भोपळ्याच्या बारीक फोडी घालून बघा. त्या अर्ध्या विरघळतात आणि रसाला आपोआप दाटपणा आणतात. फरसबीही छान लागते.

मैदा-दूध

थोडक्यात सांगण्यासारखं आहे. वेगळा सॉस करायची गरज नाही. शिजलेल्या खिम्यावर चमचाभर लोणी आणि एक मोठा चमचा मैदा भुरभुरायचा, दोन मिनिटं परतायचं, मग कपभर कोमट दूध थोडंथोडं घालायचं. मुलं आवडीनं खातात, पोटभरीचं होतं, पैसे कमी लागतात. पण चवीला फिकं. मिरपूड आणि किंचित जायफळ नसेल तर कागद खाल्ल्यासारखं लागतं. टोमॅटो यात अजिबात नको. मोठ्यांसाठी ही वाट मी सुचवणार नाही.

खिमा आणि भाज्यांबद्दल

रस कुठलाही निवडा, खिमा चुकला तर तो सावरत नाही. चिकनवाल्याकडे फक्त खिमा मागितला की पुष्कळदा छातीचा मिळतो. चरबी कमी असल्यानं तो शिजल्यावर कोरडा होतो. मांडीचं बोनलेस घ्यावं आणि मशीनमधून एकदाच, जाडसर काढून मागावं. दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, त्यामुळे खिमा आख्ख्या तुकड्यांपेक्षा लवकर बिघडतो. मे महिन्याच्या उकाड्यात, पारा ३२ अंशांच्या वर असताना, तो तासाभरात फ्रिजमध्ये जायला हवा. म्हणून क्रॉफर्ड मार्केटात घेऊन विरारची गाडी पकडण्यापेक्षा विरारला उतरून घेतलेला बरा. फ्रिजमध्येही एक-दोन दिवसच.

खिमा धुऊ नये. आजीच्या शिकवणीविरुद्ध आहे हे मला कळतं, पण धुतलेला खिमा पाणी धरून ठेवतो आणि शिंतोड्यांतून जंतू ओट्याभर पसरतात. त्यांचा निकाल शिजवल्यानं लागतो. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस पोचायला हवेत. थर्मामीटर नसेल तर कुठेही गुलाबी दिसता कामा नये आणि सुटलेलं पाणी स्वच्छ दिसायला हवं.

कांदा परतल्यावर आच मोठी करून खिमा पसरट कढईत पसरावा आणि दोन-तीन मिनिटं त्याला हात लावू नये. तळाचा भाग तपकिरी झाला की उलटावा. खरी चव तिथेच तयार होते; सतत हलवत राहिलं तर खिमा स्वतःच्याच पाण्यात उकडतो. गुठळ्या मोडायला पावभाजीच्या मॅशरसारखं हत्यार नाही.

मशरूम आणि पालक पुष्कळ पाणी सोडतात. ते आधी आटवल्याशिवाय क्रीम किंवा चक्का घातलात तर दाटपणा गेलाच. दुधीचंही तेच. गाजर-फरसबी मात्र खिम्याबरोबर झाकून शिजवता येते. मटार हिवाळ्यात ताजे, एरवी फ्रोझन, आणि फ्रोझन सरळ कढईत.

उद्याच्या डब्याचं काय?

खिमा उरतोच, निदान उरेल असा करावा. डबा डोळ्यांसमोर ठेवला तर क्रम बदलतो. काजूचा सगळ्यांत भरवशाचा. फ्रिजमध्ये घट्ट होतो, पण गरम पाण्याचा हबका मारला की पूर्ववत. क्रीमचा मंद आचेवर ठीक गरम होतो, ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण पॉवरवर तुपकट होतो. मैद्याचा गोळा बनतो, दूध घालून सैल करावा लागतो. दह्याचा आणखी आंबटतो. नारळाचा मुंबईच्या हवेत सगळ्यांत आधी उतरतो. तो त्याच रात्री संपवावा. ऑफिसात फ्रिज नसेल तर यातला कुठलाच डब्यात नेऊ नये, मग तो किती का चांगला झालेला असेना.

सोबत काय घेणार यावरही थोडं ठरतं. नारळाचा खिमा भाताचा आहे, चपातीशी तो पातळ पडतो. काजू आणि दही चपातीशी जातात. क्रीमच्या खिम्याला पाव लागतो, तोही बेकरीतून संध्याकाळी आलेली ताजी लादी.

आणि उघडलेल्या पाकिटाचा हिशेब आधीच करावा. एका खिम्याला १०० मिली क्रीम लागतं आणि लहान पाकीट २५० मिलीचं असतं, म्हणजे अर्ध्याहून जास्त उरतं. ते फ्रीझरमध्ये ठेवून चालत नाही, वितळताना पाणी आणि चरबी वेगळी होते. नारळाचं दूध मात्र बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येतं. मोठा डबा आणला असेल तर उरलेलं तसं ठेवावं आणि पुढच्या शुक्रवारी तुकडे तसेच गरम खिम्यात टाकावेत.