एका शब्दावर पारखलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुकानातून मी जूनमध्ये 220 रुपयांना खिशात मावेल असा इंग्रजी-मराठी शब्दकोश घेतला. सोयाबीनच्या अडतीवर पत्रव्यवहार माझ्याकडे असल्यामुळे ‘रिप्लाय’ हा शब्द मला दिवसातून दहा वेळा लागतो, म्हणून कोश आधी त्याच शब्दावर पारखला.

नोंदीत उच्चार देवनागरीत दिला असून जोर ‘प्लाय’वर येतो, हे खुणेने दाखवले आहे. ‘रिप्लाइड’ आणि ‘रिप्लाइज’ ही रूपेही आहेत. पुढे मात्र ‘उत्तर, जबाब’ एवढे दोनच शब्द देऊन नोंद संपते, आणि मराठी माणसाची खरी अडचण तिथूनच सुरू होते.

आपण ‘त्याला विचारले’ म्हणतो आणि ‘त्याला उत्तर दिले’ असेही म्हणतो. मराठीत दोन्हीकडे ‘ला’ सारखाच आहे. इंग्रजीत ‘आस्क्ड हिम’ बरोबर, पण ‘रिप्लाइड हिम’ चूक. तिथे मध्ये ‘टू’ यावाच लागतो. ‘आन्सर’चे पुन्हा निराळे: ‘आन्सर द क्वेश्चन’, पण ‘रिप्लाय टू द क्वेश्चन’. इंदूरच्या एका व्यापाऱ्याला मी कित्येक महिने ‘आय रिप्लाइड यू’ असे लिहीत होतो. चूक कळली ती मुलीच्या नववीच्या व्याकरणाच्या वहीत, जिथे बाईंनी तिच्या वाक्यात राहिलेला ‘टू’ लाल शाईने घालून भोवती गोल केला होता. क्रियापदासोबत येणारे अव्यय दाखवण्यासाठी या कोशाला अर्धी ओळ पुरली असती.

दुसरी उणीव अर्थाच्या व्याप्तीची आहे. मराठीत गणिताचेही उत्तर असते आणि पत्राचेही. इंग्रजीत मात्र गणिताला ‘आन्सर’च म्हणतात, कारण कोणी काही बोलले किंवा लिहिले असेल तरच त्याला ‘रिप्लाय’ होतो. वाजणारा फोन उचलणे हेही ‘आन्सर’. ‘जबाब’ या अर्थाबाबत तर अधिक जपायला हवे होते. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू असल्यामुळे आपल्याकडे बोलताना ‘जवाब’ सहज येतो, पण पोलीस जो ‘जबाब’ नोंदवतात त्याला इंग्रजीत ‘स्टेटमेंट’ म्हणतात.

शब्दाचे मूळ कोशात नाही. एवढ्या लहान कोशाकडून ती अपेक्षाही नाही, तरी हे मूळ मला फार आवडते: लॅटिनमधील ‘रेप्लिकारे’, म्हणजे उलट घडी घालणे. माझे वडील नोकरीच्या चौकशीसाठी टपालाचे जोडकार्ड पाठवत. समोरच्याने कार्डाचा कोरा अर्धा भाग फाडून त्यावर उत्तर लिहायचे आणि तो परत टाकायचा. ती घडी आठवली की हा शब्द डोळ्यांपुढे उभा राहतो.

उच्चार आणि स्पेलिंगसाठी हा कोश घ्यावा. छपाई स्वच्छ आहे आणि चार महिने रोज हाताळूनही बांधणी सुटलेली नाही. पत्रे लिहिणाऱ्याने मात्र वाक्यांची उदाहरणे देणारा मोठा कोश घ्यावा, जास्त पैसे गेले तरी चालतील. माझ्या प्रतीत मी त्या नोंदीपुढे पेन्सिलने ‘टू’ लिहून ठेवला आहे. कागद इतका पातळ आहे की तो मागच्या पानावरही उमटला आहे.