खायचा सोडा की धुण्याचा सोडा, कशाला कोणता घ्यावा?

दोन्ही पांढरे, दोन्हीचं नाव सोडा, त्यामुळे साफसफाईला कोणताही चालेल असं खूप जण धरून चालतात. तसं नाहीये.

मुळात दोघं एकाच घरचे. 1861 मध्ये बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने जी पद्धत काढली त्यात मिठाच्या संपृक्त पाण्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, मग सोडियम बायकार्बोनेट, म्हणजेच खायचा सोडा, तळाशी बसतो, तो तापवला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उडून जातं आणि उरतो तो सोडियम कार्बोनेट, आपला धुण्याचा सोडा. अमेरिकेत वायोमिंगमध्ये तर ट्रोना नावाचं खनिज खाणीतून काढून त्यापासूनच हा बनवतात. आणि जगातला बराचसा धुण्याचा सोडा कपड्यांना नाही, काच बनवायला जातो, कारण तो घातला की वाळू कमी तापमानाला वितळते.

आता कामाचं. खायच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणा-अल्कलीपणाचं माप, साधारण 8.3, धुण्याच्या सोड्याचा 11 च्या पुढे. आकडे जवळचे वाटतात पण पीएचमध्ये एक अंक म्हणजे दहापट, म्हणजे अल्कलीपणात जवळपास हजारपट फरक पडतो! म्हणून चिकट तेलकट थर, मळके सुती कपडे, जड (कॅल्शियमसारखे क्षार असलेलं) पाणी याला धुण्याचाच सोडा घ्या. जड पाण्यात तो विरघळवून जरा थांबलात तर पाणी गढूळ होताना दिसतं, तो कॅल्शियम खडूसारखा वेगळा होत असतो, मग साबणाला फेस येतो. इथे खायचा सोडा कितीही ओता, तसा उपयोग नाही.

पण अ‍ॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा अजिबात लावू नका, माझं एक चांगलं पातेलं गरम सोड्याच्या पाण्यात ठेवलं आणि पूर्ण काळं पडलं. लोकर आणि रेशीमही खराब होतं. हातमोजे घाला, डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि तो पोटात घ्यायची वस्तूच नाही, म्हणून डब्यावर नाव लिहाच, नुसतं बघून फरक कळत नाही.

खायचा सोडा सौम्य. सिंक हलकं घासायला, फ्रिजमधला आंबट वास घालवायला, केक फुगवायला तोच. काही अग्निशामक पावडरींतही असतो, आगीत तापून तो कार्बन डायऑक्साइड सोडतो.

व्हिनेगरमध्ये सोडा मिसळून साफ करायचे व्हिडिओ बघितले असतील, बुडबुडे छान येतात पण दोघं एकमेकांना मारतात आणि शेवटी उरतं ते मुख्यतः सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. वेगवेगळे वापरा.

आणि धुण्याचा सोडा मिळालाच नाही तर खायचा सोडा ट्रेमध्ये पातळ पसरून 200 अंशाला ओव्हनमध्ये तासभर ठेवा, मधे एकदा हलवा, वजन साधारण एक तृतीयांशाहून जास्त घटलं की झाला तयार.